कंपनीला काय कळतंय!

भूमला आमच्या गल्लीत कुणी नवी वस्तू आणली, की आधी तिला हळद-कुंकू लागतं आणि मग ती अण्णांच्या नजरेआड करावी लागते. मी मिक्सर घेतला तेव्हा खोकं भर दुपारी, गल्ली पेंगत असताना घरात आणलं होतं. तरी संध्याकाळी अण्णा आलेच. चहा झाला. मग त्यांनी मिक्सर उलटा करून मांडीवर घेतला, तान्ह्या पोराची पाठ चाचपावी तशी त्याची पाठ चाचपली आणि म्हणाले, "चांगलाय. फकस्त ह्याला वारा कमी पडायलाय." दोन दिवसांनी मिक्सरच्या पाठीला तीन नवी भोकं होती. त्यांतून वारा आत जाऊ लागला हे खरं. पाठोपाठ हळद गेली आणि मग मुंग्या गेल्या.

अण्णांचं सगळं तत्त्वज्ञान तीन शब्दांचं आहे: कंपनीला काय कळतंय! ही कंपनी कोणती, ते विचारायचं नाही. पंख्याची, पंपाची, पिकअपची, सगळ्या वस्तू एकच कंपनी करते. ती कुठंतरी गार प्रदेशात आहे, तिथली माणसं सूट घालून बसतात आणि भूमचं ऊन, भूमची लाइट आणि भूमचा रस्ता त्यांनी जन्मात पाहिलेला नाही. पंचाईत अशी की यातलं निम्मं खरं आहे. पूर्ण खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं, निम्मं खरं बोलणाऱ्यापुढं गप्प बसावं लागतं. लाइट इथं खरोखरच कधी दीडशे व्होल्टची येते आणि कधी दोनशे सत्तरची, आणि रस्त्याबद्दल मी काही लिहीत नाही. पाठीला अजून शेक द्यावा लागतो.

गावात त्यांना 'सुधारक' म्हणतात, अर्थात पाठीमागं. आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' काढला आणि समाजाची दुरुस्ती हाती घेतली, तर पुणेकरांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. शाळेत हा धडा शिकवताना मी नेहमी आगरकरांच्या बाजूनं बोलायचो. मिक्सर गेल्यापासून पुणेकरांचीही काहीएक बाजू असावी असं वाटू लागलं आहे.

माणूस किडकिडीत आहे. साठी ओलांडलेली, पांढरा नेहरू शर्ट, खिशाला पेनाच्या जागी टेस्टर. त्या टेस्टरनं ते लाइट तपासतात, कान कोरतात आणि नातवाला अक्षर गिरवताना कुठं चुकलं ते दाखवतात. हाताला एका वेळी दोन वास येतात, खव्याचा आणि डिझेलचा. कारण धंदा खव्याचा आणि जीव गाडीत.

खव्याचं सांगायला हवं. आमच्याकडं पावसाचा भरवसा नाही म्हणून म्हशी आल्या, आणि म्हशींच्या दुधाला जवळ गिऱ्हाईक नाही म्हणून भट्ट्या आल्या. पाच लिटर म्हशीचं दूध कढईत घालून उलथन्यानं तळ खरवडत बसलं, की हाताशी किलोभर खवा लागतो आणि पाठीतून कळ निघते. कुंथलगिरीच्या खव्याला आता जीआय मानांकन मिळालं आहे. सरमकुंडी फाट्यावर सोलापूर-धुळे रस्त्यानं जाणारी माणसं गाड्या थांबवून पेढे नेतात, ते याच खव्याचे. पण खवा थांबत नाही. उन्हाळ्यात आज काढलेला माल परवापर्यंत आंबतो, म्हणून तो रोजच्या रोज पळवावा लागतो. आणि पळवायला आमच्याकडं रेल्वे नाही. जर्मनीत आउग्सबुर्गला रुडॉल्फ डिझेलचं पहिलं यशस्वी इंजिन चाललं १८९७ साली, आणि त्याच वर्षी शेजारच्या बार्शीला कॅल्थ्रॉपसाहेबाची अडीच फुटी रुळांची गाडी आली. बार्शी इंग्रजांची, आम्ही निजामाचे. गाडी तिथनं पुढं लातूरला गेली, मिरजेला गेली, भूमला मात्र आली नाही. सव्वाशे वर्षांनंतर आमच्या वाट्याला त्या सालातलं जे आलं ते डिझेलचं इंजिन. ते अण्णांच्या पिकअपमध्ये आहे.

पिकअप दुसऱ्या हाताची, बीएस-४, एमएच-२५. गाडीत खोट काढावी असं काही नव्हतं. खवा घेऊन बीडला जायची आणि सरकी पेंडीची पोती घेऊन परत यायची. येताना मांजरसुंब्याचा घाट भरल्या गाडीला चढावा लागतो. तो दुसऱ्या गिअरमध्ये चढावा लागतो हे अण्णांना सलत होतं.

"मास्तर, पिकअपला पिकअप न्हाई," ते म्हणाले. "दम कोंडायलाय तिचा."

"दीड टन पेंड पाठीवर घेऊन तुम्ही घाट चढून बघा, अण्णा."

"म्या चढलो असतो. फकस्त मला नाकात कागद घालून कुणी चढवलं नसतं."

कागद म्हणजे एअर फिल्टर. ही कल्पना त्यांच्या डोक्यात घातली चिंचवडच्या भाच्यानं. तो गाडीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे आणि एका लग्नात, पंगत बसेपर्यंतच्या वेळात, त्यानं मामाला मोबाइलवर अमेरिकेतला ट्रक दाखवला. अवाढव्य डिझेल ट्रक, बॉनेट उघडलेलं, आणि एक दाढीवाला माणूस कंपनीचा काळा डबा काढून त्या जागी चकचकीत नळी आणि लाल शंकू बसवतोय. याला कोल्ड एअर इंटेक म्हणतात. अण्णांना इंग्रजी येत नाही, पण त्या माणसानं काळा डबा ज्या तुच्छतेनं बाजूला फेकला ती त्यांना पोचली. साता समुद्रापलीकडं आपल्यासारखाच एक माणूस आहे, त्यालाही कंपनीबद्दल हेच वाटतं, या आनंदात ते पंगतीत जिलेबी घ्यायची विसरले.

साडेअकरा हजारांचं पार्सल आलं. गावात त्याचं 'कोलडेर' झालं आणि घरात 'कूलर'. वहिनींची तक्रार रास्त होती. घरातल्या कूलरची मोटर दोन वर्षांपूर्वी एका वेगळ्या सुधारणेत खर्ची पडली होती. "आमी मे महिन्यात पुठ्ठ्यानं वारा घ्यायचा अन्‌ गाडीला कूलर," असं त्या मला म्हणाल्या, पण अण्णांना ऐकू जाईल अशा बेतानं.

बार्शी रस्त्याला लिंबाखाली चाचांचं गॅरेज आहे. चाचा म्हणजे आमच्या भागातला सगळ्यात कमी बोलणारा मिस्त्री. ते बोलत नाहीत, पाना मागतात. बॉनेट उघडलं. उजव्या अंगाला कंपनीचा डबा होता, काळ्या प्लास्टिकचा, बुटांच्या दोन खोक्यांएवढा, वर झाकण, झाकणाला चार क्लिपा. डब्याला पुढून हत्तीच्या सोंडेसारखी चुण्याचुण्यांची नळी, आणि ती सोंड हेडलाइटच्या मागच्या पत्र्यातल्या एका गोल भोकातून पलीकडं गेलेली. ही सोंड आणि हे भोक वाचकांनी ध्यानात ठेवावं. अण्णांनी ठेवलं नाही.

चाचांनी क्लिपा उचलल्या आणि फिल्टर बाहेर काढला. पिवळट कागद, घडीवर घडी, लग्नातल्या शालूच्या निऱ्यांसारख्या शेकडो निऱ्या. प्रत्येक निरीत पिठासारखी धूळ बसलेली. वरच्या थरात ज्वारीची कोंडी, उसाच्या पाचटाचा तुकडा, एक पाखराचं पीस आणि एक अख्खं पिवळं फुलपाखरू. पंख इतके शाबूत की फुंकर मारली तर उडेल असं वाटावं. चाचांनी फिल्टर टायरवर हळू आपटला आणि खाली पडलेल्या धुळीच्या ढिगाकडं बोट दाखवलं.

"हे समदं इंजिनात गेलं असतं," ते म्हणाले. चाचांच्या मानानं हे भाषणच.

"बघा मास्तर," अण्णा म्हणाले, "एवढा कचरा नाकात धरून बसल्यावर दम कोंडंल का न्हाई?"

तिथं माझ्यातला विज्ञानाचा मास्तर जागा झाला. चूक माझीच. मी सांगितलं की एक किलो डिझेल पुरतं जाळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, म्हणजे एका लिटरला हिशेबानं दहा हजार लिटर. भूमच्या माणसाला दहा हजार लिटर म्हणजे काय हे दोनदा सांगावं लागत नाही.

"म्हंजे लिटरला एक टँकर," अण्णा म्हणाले.

"एक टँकर."

"बीडला जाऊन यायचं तर धा-बारा टँकर हवा. अन्‌ ती सगळी ह्या कागदातनं." त्यांनी फिल्टरकडं असं बघितलं, जसं सरपंचानं टँकर अडवणाऱ्या तलाठ्याकडं बघावं. "बरं, गार हवा जास्त बसती का न्हाई?"

"बसते. तीनेक अंशांनी गार झाली की तेवढ्याच जागेत एक टक्का जास्त बसते."

"झालं मग!"

झालं नव्हतं. डिझेल इंजिनाला हवेचा तुटवडा मुळात नसतोच, त्याची ताकद ठरते ती आत किती डिझेल सोडलं त्यावर, हे मी सांगितलं. शिवाय पुढं टर्बो बसलाय. तो हवा दाबतो, दाबली की ती शंभर अंशांच्या पुढं तापते, आणि मग इंटरकूलर तिला गार करतो. तेव्हा नाकातून आत जाताना हवा चार अंश इकडं का चार अंश तिकडं, याचं इंजिनाला फारसं सोयरसुतक नसतं. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे कंपनी आधी हवा तापवती अन्‌ मग तीच गार करती."

"हो."

"अन्‌ शाणा कोण, तर कंपनी."

चाचांनी दहाचा पाना मागितला.

तासाभरात काळा डबा सोंडेसकट बाहेर आला आणि त्या जागी चकचकीत ॲल्युमिनियमची नळी बसली. तिच्या टोकाला लाल शंकू, गणपतीच्या मखराला लावावा इतका देखणा. फिल्टरचं कापड सुती आहे आणि त्याला तेल लावायचं असतं, हे कळल्यावर अण्णांना थोडं दुःख झालं. कापूस मराठवाड्याचा आणि साडेअकरा हजार दुसऱ्याचे, ही व्यथा त्यांनी गाडीभोवती जमलेल्या पाच-सहा जणांना सांगितली. काळा डबा घरी गेला. फेकायची पद्धत अण्णांकडं नाही.

गाडी चालू केली, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही वाटलं की काहीतरी झालं. आवाज बदलला होता. पूर्वी नुसती घरघर होती. आता अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून 'सुंऽऽ' असा दीर्घ श्वास ऐकू यायचा, एखाद्या पैलवानानं जोर काढण्याआधी छाती भरून घ्यावी तसा. डबा गेल्यामुळं टर्बोचा आवाज मोकळा झाला होता, एवढंच. पण माणसाचा विश्वास कानावर असतो. भजनात टाळ जोरात वाजले की देव जवळ आल्यासारखा वाटतो, तसलाच हा प्रकार. अण्णांनी वहीत लिहिलं: 'अ‍ॅव्हरेज १३ होते, १३.४ झाले.' त्या खेपेला येताना पेंड मिळाली नव्हती आणि गाडी रिकामी आली होती, हे वहीत नाही.

मी शाळेतून निवृत्त झालो, पण प्रयोगशाळेतला एक थर्मामीटर माझ्याकडं राहिला आहे. (कसा, ते विचारू नये.) तो मी रबरानं लाल शंकूशेजारी बांधला. शेजारच्या वाशीपर्यंत जाऊन आलो. बाहेर ३९ अंश होते, शंकूपाशी ६६. कंपनीची सोंड बाहेरची हवा आणत होती. अण्णांचा शंकू उघड्यावर, टर्बोच्या धगीशेजारी बसून इंजिनाचाच उकाडा ओढत होता. गार हवेचं यंत्र बसवल्यामुळं गाडीला पहिल्यांदाच गरम हवा मिळू लागली होती.

चाचांनी आकडा वाचला. "अण्णा," ते म्हणाले, "हे तर खव्याच्या भट्टीला तोंड लावून श्वास घ्यायलंय."

त्या संध्याकाळी अण्णा जेवले नाहीत. दुसऱ्याच्या वस्तूत खोट निघाली की त्यांना उत्साह येतो. स्वतःच्या सुधारणेत निघाली की ते पडवीत उताणे पडून आढ्याकडं बघतात. वहिनी तेवढ्या वेळात घरातले स्क्रू ड्रायव्हर लपवून घेतात. सकाळी मात्र ते ताजेतवाने होते. शेतातल्या बोअरचा तीन इंची पाइप उरला होता. दोन एल्बो आणि सोल्युशनची ट्यूब घेऊन त्यांनी तो शंकूपासून बॉनेटच्या फटीतून काढला, काचेच्या कडेनं वर नेला आणि टपाच्या वर छत्रीच्या दांडीसारखा वाकवून सोडला. शंकूभोवती पत्र्याची टोपी बसवली. वरती हवा गार, हा सिद्धांत. पण मे महिन्यात भूमच्या टपावर हवा कितीशी गार असणार? म्हणून पाइपाला गोणपाट गुंडाळलं. आणि गोणपाट ओलं कसं राहणार? तर टपावर पाच लिटरचा कॅन आणि त्याला ठिबकची नळी, तासाला चार लिटरचा ड्रीपर. डाळिंबाला लावतात तो.

माठाचं तत्त्व खरं आहे हे मी नाकारत नाही. पण माठातलं पाणी रात्रभर थांबतं. अडीच लिटरचं इंजिन दोन हजार फेऱ्यांवर मिनिटाला अडीच हजार लिटर हवा नुसत्या श्वासानं ओढतं, टर्बोचं वेगळंच. पापणी लवायच्या आत ती हवा पाइपातून निघून जाते, तिला गोणपाटाचा ओलावा समजणार कधी? हे मी बोललो नाही. बोललो असतो तर पाइप लांब करून तिला थांबवण्याची व्यवस्था झाली असती.

गावातली पोरं म्हणू लागली, सुधारकाच्या गाडीला सलाइन लावलंय.

एक गोष्ट मात्र मी बोलून बसलो आणि तिचा पश्चात्ताप अजून आहे. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं, असं मी सहज सांगितलं. अण्णांचे डोळे चमकले. शंकूला लावायचं तेल छोट्या बाटलीत आलं होतं आणि ते संपलं होतं. दुसरं मागवायला सहाशे रुपये. घरात करडईचं घाण्यावरचं तेल होतं. इंजिन जर तेल पिऊन चालतं तर फिल्टरला त्याचं वावडं कसलं? त्यांनी वहिनींच्या नजरेआड वाटीभर करडईचं तेल शंकूला चोळलं, पैलवानाला चोळतात तसं.

तिसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. त्या नळीत हवा मोजणारा एक सेन्सर असतो. आत केसासारखा बारीक तापलेला भाग, वाऱ्यानं तो किती निवतो त्यावरून गाडीचा कॉम्प्युटर हवेचा अंदाज घेतो. त्याच्यावर करडईचं तेल बसलं. कॉम्प्युटरला कळेना की गाडी श्वास घेते आहे की नाही. चाचांनी स्प्रे मारून सेन्सर धुतला, दिवा विझला, आठवड्यात पुन्हा लागला. शेवटी अण्णांनीच इलाज केला. आता त्या दिव्यावर वहिनींची एक मोठी मरून टिकली आहे.

"पिवळा दिवा लागला तर?" मी विचारलं.

"दिसत न्हाई."

त्याच सुमारास मी त्यांना कायद्याची भीती घालून बघितली. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमात न बसणाऱ्या दर फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. पाइप, कॅन, ड्रीपर, टोपी यांतलं काय नेमकं कुठं बसतं ते वकील जाणोत. अण्णांनी मात्र 'दर फेरफाराला' हे शब्द पकडले आणि बोटं मोजत बसले. हॉर्न, सीट, मागचा दिवा, खव्याच्या पाट्यांची फळी, आरसा. दोन्ही हातांची बोटं संपल्यावर त्यांनी समाधानानं मान हलवली. "पन्नास हजाराच्या म्होरं जातंय मास्तर," ते म्हणाले. दंडाचा आकडा ते पुरस्काराच्या रकमेसारखा सांगत होते.

पावसाळा कसाबसा गेला. गणपतीत खव्याला उसंत नव्हती. मग पितृपंधरवडा आला, मागणी बसली, आणि गाडी पंधरा दिवस लिंबाखाली उभी राहिली. कॅन मात्र अण्णा रोज सवयीनं भरत होते. झाडाला पाणी घालावं तसं.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याबरोबर बीडला गेलो. मुलीकडं फराळाचं सामान द्यायचं होतं. जाताना गाडी सुस्त होती, पण खवा हलका आणि उतार आपल्या बाजूचा. परत येताना पोती भरली आणि मांजरसुंब्याच्या घाटात तिनं मान टाकली. दुसरा गिअर, मग पहिला. मागं बघतो तर दिवसाढवळ्या अंधार. डिझेल पुरेपूर पडत होतं आणि हवा मिळत नव्हती, त्यामुळं काजळासारखा धूर सुटला होता. मागच्या मोटरसायकलवरची जोडी धुरातून बाहेर आली तेव्हा नवऱ्याचा पांढरा सदरा राखाडी झाला होता. सीताफळाच्या पाट्या लादलेली एक रिक्षा आम्हाला मागं टाकून गेली. रिक्षावाल्यानं जाताना वळून बघितलं, ते अण्णांच्या जास्त वर्मी लागलं.

गाडी कडेला घेतली. अण्णांकडं हॅक्सॉचं पातं कायम असतं. त्यांनी खालच्या एल्बोजवळ पाइप कापला आणि आत बोट घातलं. बोट मातीनं भरून आलं.

कुंभारीण माशीनं घर केलं होतं. काळी, बारीक कंबरेची ती माशी ओल्या मातीच्या गोळ्या तोंडात आणून सुगडासारखी खोली बांधते, एकाला एक चिकटून दुसरी, तिसरी. गोणपाटाखाली रोज थेंब थेंब पाणी पडून चिखल तयार होता, पाइपाला वरून जाळी नव्हती, आणि पंधरा दिवस कुणी 'सुंऽऽ' केलं नव्हतं. वाकणात मुठीएवढा गोळा बसला होता आणि त्याच्यावर गोणपाटाचे तंतू अडकून बुचासारखे झाले होते. अण्णांनी टेस्टरनं अलगद एक तुकडा सोडवला. आत ओळीनं खोल्या, गुळगुळीत, आणि एकीत पिल्लासाठी साठवून ठेवलेल्या बारक्या हिरव्या अळ्या.

"घर मोडलं हो बिचारीचं," ते खरोखरच्या कळवळ्यानं म्हणाले. तो तुकडा त्यांनी रुमालात बांधून घेतला. मग पाइपाच्या कापल्या तोंडाकडं बघत थोडा वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता हा माणूस हरला. मी मनात त्यांच्यासाठी दोन समजुतीची वाक्यंही जुळवली.

"मास्तर," ते वळून म्हणाले, "गार असल्याबिगर ती येतीय का?"

मी जुळवलेली वाक्यं गिळली.

"कंपनीच्या डब्यात कवा घर केलं हुतं का तिनं?"

दसऱ्यापर्यंत अण्णा गॅरेजकडं फिरकले नाहीत. खंडेनवमीला हत्यारं पुजली आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वहीचा एक कागद घेऊन हजर झाले. चाचा आणि मी लिंबाखाली बसलो होतो. कागदावर पेन्सिलीनं चित्र काढलं होतं आणि अण्णांच्या चेहऱ्यावर अभिषेक करून आल्याचं तेज होतं.

"वर पाइप न्यायची गरजच न्हाई," ते म्हणाले. "हवा खालनं घ्यायची. हेडलाइटच्या मागनं. तिथं ऊन न्हाई, इंजिनाची धग न्हाई, अन्‌ समोरचा वारा बी हाय. अन्‌ फिल्टर असा उघडा ठेवायचा न्हाई. त्याला डबा पायजे. झाकणाचा."

"झाकण बसवायचं कसं?" चाचांनी विचारलं.

"क्लिपा. चार."

"अन्‌ नळी?"

"लवचिक. सोंडेवानी."

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी लिंबाकडं बघितलं.

"पत्र्याला भोक पाडावं लागंल," चाचा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतःहून संभाषण वाढवत होते.

"म्या बघितलं. भोक हाय."

"कुणी पाडलं?"

"कंपनीनं," अण्णा म्हणाले. "पर कशापायी पाडलंय ते त्यांला ठाव नव्हतं."

डबा घरी होता. आम्ही तिघं आणायला गेलो. वहिनींनी तो मे महिन्यातच गोठ्यात नेला होता, झाकण काढून आत गवत घातलं होतं, आणि गेल्या रविवारपासून त्यात तांबडी गावरान कोंबडी नऊ अंड्यांवर खुडूक बसली होती. एकवीस दिवस पुरे झाल्याशिवाय डब्याला हात लागणार नाही, असं वहिनींनी सांगितलं. हातात झाडू होता. घरातल्या पुरुषाशी बोलताना त्या आवाज चढवत नाहीत, झाडू नुसता दुसऱ्या हातात घेतात.

"गाडी?" मी विचारलं.

"थांबंल," वहिनी म्हणाल्या.

अण्णांनी वाद घातला नाही. ते कोंबडीसमोर उकिडवे बसले आणि बराच वेळ बघत राहिले. काळा डबा तिच्या अंगाबरोबर बसला होता, जणू मापानं करून घेतलेला. कोंबडी एका डोळ्यानं त्यांच्याकडं बघत होती. त्यांचा हात खिशाकडं गेला. टेस्टर काढून त्यांनी डब्याच्या बाजूवर दोनदा टकटक केलं.

"फकस्त," ते म्हणाले, "ह्या अंगानं वारा कमी पडायलाय."

कोंबडीनं पिसं फुलवली. वहिनींनी झाडूचा हात बदलला.